खापर

झिनोव्हिया विहिरीतली खापरं धुते
जुन्या टूथब्रशने, कोमट पाण्यात.
खिडकीबाहेर केरामाइकोसवर मार्चचं ऊन.
कुंभारांची आळी होती ही.
आता कबरींच्या फटींतून
हिवाळा झोपून काढलेली कासवं बाहेर येताहेत,
पाठीवर माती घेऊन.

ओस्त्राकोन.
कासवाची पाठ म्हणजे ओस्त्राकोन,
शिंपल्याचं कवाड म्हणजेही.
मुळाशी गेलं तर हाड,
आपल्या अस्थींचं लांबचं नातं लागतं तिथे.
मग फुटका घडा.
मग घड्याच्या तुकड्यावर कोरलेलं नाव.
मग त्या नावाच्या माणसाला
दहा वर्षं वेशीबाहेर ठेवणं.
आतला जीव निघून गेल्यावर
जे कठीण, कोरडं मागे उरतं
त्याचा हा शब्द.
बाकी सगळं नंतर चिकटलं.

आपण खापर डोक्यावर फोडतो.
अथेन्सला ते आधीच फुटलेलं असायचं,
फक्त डोकं ठरायचं बाकी.

आजच्या घमेल्यात एकच माणूस:
नाउसिमेनीस, ख्सेनोतिमोसचा मुलगा.
एकोणचाळीस वेळा.
नाउस म्हणजे होडी, आपली नौका, नाव.
आणि नावालाही आपण नावच म्हणतो,
तेव्हा मला हे मराठीतच नीट कळतं,
की या माणसाच्या नावात पहिल्यापासून एक नाव होती,
पिरेअसच्या धक्क्याला
शीड गुंडाळून उभी.

कोणी त्याला उजवीकडून डावीकडे लिहिलंय.
कोणी बापाच्या नावातलं एक अक्षर गिळलंय.
एकाला जागा पुरली नाही,
शेवटचा स कडेवरून खाली लोंबतोय.
आणि एका घाईतल्या हाताने
पहिला उकारच गाळलाय: नासिमेनीस.
होडी तिथेच बुडाली.
मत मात्र मोजलं गेलं असणार.
शुद्धलेखन चुकलं म्हणून
कोण सुटलंय आजवर?

झिनोव्हिया ब्रश झटकते.
सहज सांगावं तसं सांगते:
तिचा बाप, पांदेलिस, पेरामाच्या गोदीत वेल्डर.
संपात तीन दिवस कामावर गेला.
का, ते त्याने कधी सांगितलं नाही.
चौथ्या दिवशी कॅफेनिओत त्याची कॉफी आली,
पाण्याचा ग्लासही आला,
फक्त खुर्च्या सरकल्या.
मग तो एकटाच ताव्ली खेळायचा,
उजवा हात विरुद्ध डावा.
डावा जिंकला की हसायचा.

"त्या नाउसिमेनीसचं बरं," ती म्हणते,
"घर त्याचं त्याला राहिलं, ऑलिव्हची झाडं राहिली,
दहा वर्षं बोटांवर मोजता आली.
बाबांचं नाव कोणी कोरलंच नाही.
मतं नाहीत, मोजणी नाही,
मग मुदत कुठून येणार?
अंत्ययात्रेला आले सगळे.
खुर्च्या कमी पडल्या."

यावर काय बोलावं ते मला सुचत नाही.
मी पाणी बदलून आणतो.

संध्याकाळी तळाशी एक तुकडा सापडतो,
काळ्या झिलईचा, एखाद्या पेल्याच्या कडेचा,
अजून ओठाला लागेल इतका गुळगुळीत.
त्यावर फक्त ना.
पुढे एक आडवी रेघ, खोल, वाकडी.
हाताला घाम आला असेल,
कोणी हाक मारली असेल,
नाहीतर टोक मोडलं असेल खिळ्याचं.
दया आली असेल असं म्हणायचा मोह होतो.
झिनोव्हिया मान हलवते:
"वहीत तसलं काही लिहायचं नसतं."

ती लिहिते: चाळीसावं. अपूर्ण.
मग बारीक निब काढते,
खापराच्या पाठीवर क्रमांक घालायला,
आणि शाई सुकेपर्यंत
ते तळहातावर धरून बसते,
पालथं.